लास्लो कोझ्मा : दूरध्वनी केंद्रातून गणकयंत्राकडे

लास्लो कोझ्मा (२८ नोव्हेंबर १९०२ – ९ नोव्हेंबर १९८३) : हंगेरियन विद्युत अभियंता, दूरध्वनी तंत्राचे जाणकार, बुडापेस्ट तंत्रविद्यापीठातील प्राध्यापक आणि हंगेरीत तयार झालेल्या पहिल्या अंकीय गणकयंत्राचे रचनाकार. तरुणपणी एका कायद्यामुळे त्यांना मायदेशात अभियांत्रिकीचे शिक्षण घेता आले नाही. पुढे बुडापेस्ट तंत्रविद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीची स्वतंत्र विद्याशाखा स्थापन झाली तेव्हा तिच्या आरंभीच्या प्राध्यापकांत त्यांची गणना झाली. मधल्या पंचवीस-तीस वर्षांत परदेशी शिक्षण, परदेशी नोकरी आणि नाझींची छळछावणी त्यांच्या वाट्याला आली. प्राध्यापकपद मिळाल्यानंतर अल्पावधीतच स्वदेशातील तुरुंगवासही आला. कोझ्मा यांची शैक्षणिक कारकीर्द म्हणजे एका अभियंत्याच्या पदांची आणि शोधांची नोंद आहेच. त्याशिवाय, विद्यापीठाच्या दाराशी राज्यसत्ता येऊन उभी राहिली म्हणजे ज्ञानाच्या परंपरेचे काय होते, याचाही तो लेखाजोखा आहे.

प्रवेशाचा कायदा

कोझ्मा यांचा जन्म ईशान्य हंगेरीतील मिश्कोल्त्स या औद्योगिक शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. ते उच्च शिक्षणाच्या वयात आले तेव्हा पहिले महायुद्ध संपले होते. पराभूत हंगेरीचा मोठा भूभाग शेजारी राष्ट्रांकडे गेला होता आणि देशात तीव्र राष्ट्रवादाची लाट होती. याच वातावरणात १९२० साली विद्यापीठ-प्रवेशावर मर्यादा घालणारा कायदा संमत झाला. ‘मर्यादित संख्या’ या अर्थाच्या ‘न्यूमेरस क्लॉझस’ या लॅटिन नावाने तो इतिहासात ओळखला जातो. देशातील प्रत्येक वंशाच्या आणि राष्ट्रीयत्वाच्या लोकसंख्येतील प्रमाणानुसारच त्या-त्या समूहातील विद्यार्थ्यांना प्रवेश मिळावा, अशी त्याची शब्दयोजना होती. कायद्याच्या मजकुरात ज्यूंचा नामोल्लेख नव्हता. त्याचा रोख मात्र त्यांच्याकडेच होता. लोकसंख्येत सुमारे सहा टक्के असलेला हा समाज त्या काळी विद्यापीठांत त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात शिकत होता.

या कायद्याने एक अख्खी पिढी देशाबाहेर लोटली. होलोग्राफीचे जनक डेनिस गाबोर आणि अणुशास्त्रज्ञ लिओ सिलार्ड हे बर्लिनला गेले, तर एडवर्ड टेलर कार्ल्सरूहला गेले. आधुनिक संगणकाच्या रचनेशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते जॉन फॉन नॉयमन हे कोझ्मा यांच्याहून अवघ्या एका वर्षाने लहान. त्यांनीही शिक्षणाचा मोठा भाग बर्लिन आणि झुरिक येथे पूर्ण केला. ही मंडळी पुढे पश्चिमेत स्थिरावली आणि जगद्विख्यात झाली.

कोझ्मा यांचा मार्ग निराळा होता. त्यांनी प्रथम एका मोठ्या विद्युत-दिवे कारखान्यात तंत्रज्ञ म्हणून काम धरले. ‘टुंगस्राम’ या नाममुद्रेने प्रसिद्ध असलेली ही कंपनी त्या काळी दूरध्वनीची साधनेही तयार करत असे. तेथील कामातून त्यांची दूरध्वनी तंत्राशी ओळख झाली. कंपनीच्या साहाय्याने त्यांना तत्कालीन चेकोस्लोव्हाकियातील ब्रनो शहरी जर्मन तंत्रविद्यापीठात शिकण्याची संधी लाभली. १९२५ ते १९३० या काळात त्यांनी तेथे विद्युत अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम पूर्ण केला. आधी हाताने जोडणी करायची आणि नंतर तिचे शास्त्र शिकायचे, हा त्यांच्या शिक्षणाचा क्रम होता. पुढील आयुष्यातील त्यांच्या कामावर या क्रमाची छाप दिसते.

अँटवर्पमधील एक तप

पदवीनंतर कोझ्मा बेल्जियममधील अँटवर्प येथील बेल टेलिफोन मॅन्युफॅक्चरिंग कंपनीत रुजू झाले. १८८२ साली स्थापन झालेली ही कंपनी स्वयंचलित दूरध्वनी केंद्रांची युरोपातील एक प्रमुख उत्पादक होती. ‘रोटरी’ नावाची तिची प्रणाली अनेक देशांच्या राजधान्यांत बसवली गेली होती आणि १९२८ पासून बुडापेस्टमध्येही ती कार्यरत होती. १९४२ पर्यंतची बारा वर्षे कोझ्मा यांनी येथे स्वयंचलित केंद्रांच्या मंडलांची रचना केली आणि अनेक पेटंटे मिळवली.

दूरध्वनी केंद्राचा आणि संगणकाचा संबंध काय, असा प्रश्न आजच्या वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर ‘रिले’ या छोट्या साधनात दडलेले आहे. रिले म्हणजे विद्युतचुंबकाने उघडझाप होणारी कळ. तारेच्या वेटोळ्यातून प्रवाह सोडला की चुंबक लोखंडी पट्टी ओढून घेतो आणि तिच्याशी जोडलेले संपर्कबिंदू मिटतात किंवा उघडतात. प्रवाह थांबला की स्प्रिंगमुळे पट्टी पूर्वस्थितीत जाते. म्हणजे रिलेच्या दोनच अवस्था संभवतात : चालू आणि बंद. एका रिलेच्या संपर्कातून दुसऱ्या रिलेला प्रवाह देता येतो. दोन संपर्क एकापुढे एक जोडले तर ‘हे आणि ते’ अशी अट तयार होते. शेजारी शेजारी जोडले तर ‘हे किंवा ते’ अशी. अशा अटींच्या साखळीतून बेरीज-वजाबाकीही साधता येते, कारण द्विमान पद्धतीत प्रत्येक संख्या शून्य आणि एक या दोनच अंकांनी लिहिली जाते.

स्वयंचलित केंद्र हे काम गणिताचा उच्चार न करता रोजच करत होते. ग्राहकाने तबकडी फिरवली की विद्युतस्पंदनांची मोजणी होई, फिरवलेला आकडा ‘रजिस्टर’ नावाच्या मंडलात साठवला जाई, त्यावरून मार्गाची निवड होई आणि मग जोडणी होई. मोजणे, लक्षात ठेवणे आणि अटीनुसार पुढचे पाऊल निवडणे या तीनही क्रिया गणकयंत्राला लागतात. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात कोझ्मा यांनी अँटवर्पमध्ये नेमका हाच धागा पकडला आणि दूरध्वनीच्या सुट्या भागांपासून विद्युत-यांत्रिक गणनायंत्रे रचण्याचे काम हाती घेतले. त्यांची पेटंटेही कंपनीतर्फे घेण्यात आली.

हा विचार त्या वेळी एकाच डोक्यात आला होता असे नाही. अमेरिकेत क्लॉड शॅनन यांनी १९३७ च्या आपल्या प्रबंधात रिलेची मंडले आणि तर्कशास्त्राचे बीजगणित यांचे नाते सिद्ध केले. बेल प्रयोगशाळांतील जॉर्ज स्टिबिट्झ यांनी रिलेंचे गणकयंत्र उभारले आणि सप्टेंबर १९४० मध्ये टेलिप्रिंटरच्या साहाय्याने ते दुसऱ्या शहरातून चालवून दाखवले. बर्लिनमध्ये कोनराड त्सुझे यांचे ‘झेड-३’ हे रिलेयंत्र १९४१ साली पूर्ण झाले. कोझ्मा यांचे काम याच काळातले आणि याच जातीचे. १९४० च्या मे महिन्यात जर्मन सैन्याने बेल्जियम व्यापला आणि त्या प्रयत्नांना तेथे पुढे वाव उरला नाही.

परतणे, छावणी आणि पुनर्बांधणी

१९४२ साली कोझ्मा हंगेरीत परतले. हंगेरी जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरला होता आणि ज्यूंवरील निर्बंध वर्षागणिक कठोर होत चालले होते. मार्च १९४४ मध्ये जर्मन सैन्याने हंगेरीचाच ताबा घेतला. त्यानंतरच्या हद्दपारीच्या सत्रात कोझ्मा यांची रवानगी ऑस्ट्रियातील माउटहाउझेन येथील छळछावणीत झाली. तेथून ते जिवंत परतले.

१९४५ मध्ये बुडापेस्ट जवळजवळ उद्ध्वस्त झाले होते. दीर्घ वेढ्यात डॅन्यूब नदीवरील सर्व पूल कोसळले होते आणि दूरध्वनी यंत्रणाही मोडून पडली होती. कोझ्मा ‘स्टँडर्ड’ या दूरसंचार कंपनीत तांत्रिक प्रमुखपदी आले आणि राजधानीची दूरध्वनी केंद्रे पुन्हा सुरू करण्याच्या कार्यात त्यांनी मोठा वाटा उचलला. या कार्यासाठी १९४८ साली त्यांना कोशुत पारितोषिक मिळाले. हा राष्ट्रीय सन्मान त्याच वर्षी सुरू झाला होता. पुढील वर्षी, १९४९ मध्ये, बुडापेस्ट तंत्रविद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीची स्वतंत्र विद्याशाखा स्थापन झाली आणि तारयुक्त दूरसंचाराच्या अध्यापनासाठी कोझ्मा यांना प्राध्यापकपद देण्यात आले. त्या वेळी त्यांचे वय सत्तेचाळिशीच्या घरात होते. ज्या वयात इतर अध्यापक ग्रंथलेखनाकडे वळतात, त्या वयात त्यांची विद्यापीठीय कारकीर्द सुरू होत होती, आणि ती सुरू होताच खंडित झाली.

स्टँडर्ड खटला

‘स्टँडर्ड’ ही आयटीटी या अमेरिकी समूहाची हंगेरीतील शाखा होती. अँटवर्पची कंपनीही याच समूहातली. हंगेरीत आता साम्यवादी पक्षाची एकहाती सत्ता होती आणि परकीय भांडवलाचा हा उद्योग तिच्या डोळ्यांत सलत होता. १९४९ च्या अखेरीस कंपनीच्या अधिकाऱ्यांचे अटकसत्र सुरू झाले. हेरगिरी आणि घातपात असे आरोप ठेवण्यात आले. फेब्रुवारी १९५० मध्ये काही दिवसांतच खटल्याची सुनावणी आटोपली. कोठडीत वदवून घेतलेले कबुलीजबाब हाच या काळातील अशा खटल्यांचा मुख्य आधार असे, आणि निकाल आधीच ठरलेला असे.

व्यवस्थापकीय संचालक इम्रे गाइगर आणि शासकीय अधिकारी झोल्तान रादो यांना फाशी देण्यात आली. अमेरिकी अधिकारी रॉबर्ट व्होगेलर यांना पंधरा वर्षांची, तर ब्रिटिश नागरिक एडगर सँडर्स यांना तेरा वर्षांची शिक्षा झाली. कोझ्मा यांनाही पंधरा वर्षांचा कारावास ठोठावण्यात आला. व्होगेलर यांच्यासाठी अमेरिकी शासनाने वाटाघाटी केल्या आणि १९५१ च्या एप्रिलमध्ये ते सुटले. सँडर्स १९५३ मध्ये सुटले. कोझ्मा यांच्यासाठी रदबदली करणारे दुसरे राष्ट्र नव्हते. त्यांना कैदेत टाकणारे राष्ट्र त्यांचेच होते.

स्टालिन यांच्या मृत्यूनंतर, १९५३ च्या उन्हाळ्यात, इम्रे नॉज पंतप्रधान झाले आणि राजकीय कैद्यांच्या सुटकेला आरंभ झाला. १९५४ मध्ये कोझ्मा तुरुंगाबाहेर आले. त्यांना दोषमुक्त ठरवण्यात आले आणि विद्यापीठाचे दार पुन्हा उघडले. त्या वेळी ते बावन्न वर्षांचे होते.

‘मेस-१’ची उभारणी

विद्यापीठात परतल्यावर कोझ्मा यांनी अँटवर्पमध्ये सुटलेला धागा पुन्हा हाती घेतला. १९५५ च्या सुमारास त्यांनी सहकारी आणि विद्यार्थी यांना सोबत घेऊन एका गणकयंत्राची रचना सुरू केली आणि १९५८ मध्ये ते पूर्ण झाले. ‘तंत्रविद्यापीठाचे गणकयंत्र, क्रमांक एक’ या अर्थाच्या हंगेरियन शब्दांची आद्याक्षरे जुळवून त्याला ‘मेस-१’ असे नाव देण्यात आले.

या यंत्रात सुमारे २००० रिले होते. ते सारे दूरध्वनी तंत्रातले, म्हणजे देशातच मिळणारे होते. यंत्र द्विमान पद्धतीने गणना करी. त्याच्या स्मृतीत २७ द्विमान स्थानांच्या १२ संख्या साठवता येत. सत्तावीस स्थाने म्हणजे १३ कोटी ४२ लाखांहून अधिक भिन्न जुळण्या. अभियांत्रिकीतील नेहमीच्या आकडेमोडीला एवढी व्याप्ती पुरेशी होती. यंत्राला द्यावयाच्या आज्ञा एका कार्डावर भोके पाडून नोंदवल्या जात आणि अशा कार्डावर कमाल ४५ आज्ञा बसत. हे कार्ड कशाचे, तर वापरून झालेल्या क्ष-किरण फिल्मचे. ही फिल्म चिवट असते, हवेतील दमटपणाने फुगत नाही आणि रुग्णालयांत तिचा तुटवडा नसतो. उत्तरे विद्युत टंकलेखन यंत्रावर छापून येत. सारे यंत्र चालवायला एक किलोवॉटहूनही कमी वीज लागे.

१९५८ साली रिलेचे गणकयंत्र बांधणे हे काळाच्या मागे असणे नव्हते काय? अमेरिकेत व्हॅक्यूम ट्यूबचे एनियाक हे यंत्र १९४६ मध्येच लोकांसमोर आले होते. रिलेची पट्टी हलायला काही सहस्रांश सेकंद लागतात, तर ट्यूबला लागणारा वेळ त्याच्या शेकडो पटींनी कमी असतो. तेव्हा वेगाच्या कसोटीवर ‘मेस-१’ मागासलेलेच होते. परंतु त्याच्या रचनाकारांसमोरचा प्रश्न निराळा होता. शीतयुद्धातील निर्बंधांमुळे पाश्चात्त्य यंत्रे पूर्व युरोपात येणे दुरापास्त होते. सोव्हिएत गटात सायबरनेटिक्स हे शास्त्र १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत भांडवलशाहीचे खोटे शास्त्र म्हणून हिणवले जात होते. अशा परिस्थितीत हाताशी असलेले साहित्य आणि अनुभव यांतून जे उभे राहू शकत होते ते रिलेचे यंत्रच होते.

शिवाय ते विद्यापीठातले यंत्र होते. रिले उघडताना आणि मिटताना दिसतो, ऐकूही येतो. बेरीज करताना अंक एका स्थानातून पुढच्या स्थानात कसा नेला जातो, हे विद्यार्थ्याला फळ्यावरील आकृतीइतकेच प्रत्यक्ष यंत्रातही दाखवता येई. बिघाड झाला तर कोणता संपर्क अडला हे डोळ्यांनी शोधता येई. त्यामुळे गणना करणे आणि गणना कशी होते हे शिकवणे, अशी दोन्ही कामे या यंत्राने केली.

यंत्र घडत असतानाच १९५६ चा उठाव झाला. २२ ऑक्टोबरच्या सायंकाळी तंत्रविद्यापीठाच्या सभागृहात जमलेल्या विद्यार्थ्यांनी आपल्या सोळा मागण्या निश्चित केल्या. दुसऱ्या दिवशी बुडापेस्टच्या रस्त्यांवर उठावाला तोंड फुटले. सोव्हिएत रणगाड्यांनी तो चिरडल्यानंतर सुमारे दोन लाख नागरिकांनी देश सोडला, आणि त्यांत तरुण अभियंते व विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. कोझ्मा बुडापेस्टमध्येच राहिले आणि त्यांनी यंत्र पूर्ण केले.

समकालीन प्रयत्न

त्याच सुमारास हंगेरीत गणकयंत्रविद्येची आणखी दोन केंद्रे आकाराला येत होती. सेगेद विद्यापीठात गणितज्ञ लास्लो काल्मार यांनी तर्कशास्त्रातील विधानांची तपासणी करणारे ‘तर्कयंत्र’ उभारले. विज्ञान अकादमीच्या सायबरनेटिक्स संशोधन गटाने सोव्हिएत आराखड्यांच्या आधारे ‘एम-३’ हे व्हॅक्यूम ट्यूबचे यंत्र १९५९ मध्ये सुरू केले. हंगेरीतील पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक म्हणून त्याचा निर्देश होतो. हा भेद ध्यानात ठेवावा लागतो. ‘मेस-१’ अंकीय होते, आज्ञावलीने चालणारे होते, पण इलेक्ट्रॉनिक नव्हते. ‘एम-३’ इलेक्ट्रॉनिक होते, परंतु त्याचा मूळ आराखडा बाहेरून आलेला होता. आराखड्यापासून जोडणीपर्यंत स्वदेशी बुद्धीने घडलेले अंकीय गणकयंत्र हा मान ‘मेस-१’कडे जातो.

कोझ्मा यांचे लक्ष केवळ संख्यांवर नव्हते. अकादमीच्या भाषाविज्ञान संस्थेसाठी त्यांनी भाषेच्या सांख्यिकीय विश्लेषणाचे एक स्वयंचलित यंत्र रचले. अक्षरे, त्यांचा क्रम आणि वारंवारता यांची मोजदाद करण्याचे काम अशा यंत्राकडे सोपवता येते. दूरध्वनीचे आकडे मोजणारे तंत्र येथे शब्दांच्या मोजणीला लावले गेले.

अध्यापक आणि मानकरी

१९६० च्या दशकाच्या आरंभी कोझ्मा विद्युत अभियांत्रिकी विद्याशाखेचे अधिष्ठाता होते. १९६१ मध्ये हंगेरियन विज्ञान अकादमीने त्यांना सहयोगी सदस्य म्हणून निवडले आणि १९७६ मध्ये पूर्ण सदस्यत्व दिले. दूरसंचार आणि गणकयंत्रे ही दोन क्षेत्रे तेव्हा बहुतेक विद्यापीठांत वेगवेगळ्या विभागांत शिकवली जात. कोझ्मा यांच्या अध्यापनात ती एकत्र नांदली. आजची दूरध्वनी केंद्रे संगणकांवर चालतात आणि संगणक दूरसंचाराच्या जाळ्याविना अपुरे ठरतात, हे पाहता त्यांची ही भूमिका दूरदृष्टीची होती.

९ नोव्हेंबर १९८३ रोजी बुडापेस्ट येथे त्यांचे निधन झाले. आंतरराष्ट्रीय मान्यता मिळायला आणखी तेरा वर्षे जावी लागली. १९९६ मध्ये आयट्रिपलई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेच्या संगणक विभागाने ‘संगणक-प्रवर्तक’ पुरस्कार देऊन त्यांचा मरणोत्तर गौरव केला. त्या वर्षीच्या मानकऱ्यांत सेगेदचे काल्मार यांचेही नाव होते. पूर्व युरोपातील संशोधनाकडे पश्चिमेचे लक्ष शीतयुद्ध संपल्यानंतरच गेले, हे या विलंबाचे एक कारण होय.

मूल्यमापन

संगणकाच्या इतिहासात कोझ्मा यांचे नाव फॉन नॉयमन किंवा त्सुझे यांच्याइतके ऐकू येत नाही. अँटवर्पमधील त्यांचे काम युद्धाने तोडले आणि बुडापेस्टमधील काम सुरू होण्याआधीची ऐन उमेदीची वर्षे तुरुंगात गेली. १९४२ नंतरची बारा वर्षे छावणी, भग्न शहराची डागडुजी आणि कारावास यांत खर्ची पडली. याच काळात जगात संगणक रिलेकडून ट्यूबकडे आणि ट्यूबकडून ट्रान्झिस्टरकडे सरकला. अँटवर्पचे काम अखंड चालू राहिले असते तर हंगेरीतील संगणकविद्येचा आरंभ निदान दहा वर्षे आधी झाला असता, असे अनुमान करायला जागा आहे. ही हानी कोझ्मा यांची होती, त्याहून अधिक ती त्यांच्या विद्यापीठाची आणि देशाची होती.

असे असूनही, प्रवेश नाकारणाऱ्या आणि नंतर शिक्षा ठोठावणाऱ्या देशातच त्यांनी आपले यंत्र उभारले आणि विद्यार्थी घडवले. ‘मेस-१’ आज बुडापेस्टमध्ये संग्रहालयाच्या जतनात आहे.